मिस्त्रींचा कान

मिस्त्री गाडीला हात लावायच्या आधी कान लावत. टकटक आली की व्हॉल्व्हची फट वाढली, चढावर आतून ठोके आले की बेअरिंग गेलं, वळताना कडकड झाली की पुढच्या चाकाचा जॉइंट. निकाल आधी, पाना नंतर. चाळीस वर्षांत या कानानं त्यांना पोटापुरतं दिलं आणि ऐट मात्र पोटभर दिली. नवा ग्राहक आला की ते डोळे मिटून उभे राहत. डोळे मिटायची काहीच गरज नव्हती, हे पुढं त्यांनी स्वतःच कबूल केलं; पण छाप पडायची.

गाणं शिकवणाऱ्या एका बाईंनी आपली जुनी गाडी संध्याकाळी आणून लावली आणि सकाळी, इंजिन थंड असताना, त्या पुन्हा आल्या.

"थंड असताना चालू केली की बारीक चिरका आवाज येतो. दोन मिनिटांनी जातो. इतका वरचा, की माझ्या एकाही विद्यार्थिनीचा गळा तिथवर जात नाही."

बाईंनी इंजिन चालू केलं. मिस्त्रींनी डोळे मिटले.

"येतोय ना?"

मिस्त्रींना काही म्हणता काही ऐकू येत नव्हतं. एखाद्या सरळ माणसानं तसं सांगून टाकलं असतं. मिस्त्री म्हणाले, "मॅडम, तुम्ही दिवसभर सुरात असता. तुम्हाला पंख्यातसुद्धा सूर ऐकू येत असतील. गाडी ठणठणीत आहे."

टेबलाशी फोन सांभाळणाऱ्या त्यांच्या बायकोनं चमकून वर पाहिलं. पण इंजिनाच्या बाबतीत तिनं तोंड उघडायचं नाही, हा नियम त्यांच्या लग्नाइतकाच जुना होता.

चौथ्या दिवशी भर पुलावर बाईंच्या इंजिनाचा पट्टा तुटला. त्या पट्ट्यावर चालणारा पाण्याचा पंप थांबला, इंजिन तापलं, बॉनेटमधून वाफा निघाल्या. गाडी दोर बांधून गॅरेजात आली. बाई भांडल्या असत्या तर मिस्त्रींना बरं वाटलं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "तुम्ही सांगितलंत म्हणून वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. मग चालवत राहिले."

त्या गेल्यावर मिस्त्री बराच वेळ तुटका पट्टा हातात घेऊन बसले.

"त्या दिवशी तो इतका किंचाळत होता," बायको म्हणाली, "की मला फोनवरचं बोलणं ऐकू येईना."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुमचा नियम. आणि कानाचं म्हणाल तर दोन वर्षं सांगतेय. दारावरची घंटा तुम्ही तीनदा बदललीत. पहिलीसुद्धा वाजतच होती, अहो."

दुसऱ्या दिवशी ती त्यांना कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. बंद खोलीत हेडफोन लावून, आवाज आला की बटण दाबायचं होतं. मिस्त्री काचेपलीकडच्या डॉक्टरीणबाईंचा हात हलला की बटण दाबू लागले. त्यांनी तीनच मिनिटांत ते ओळखलं आणि मिस्त्रींचं तोंड भिंतीकडे करून बसवलं. मग मिस्त्री दगडासारखे बसून राहिले.

"खालचे आवाज ठीक ऐकू येतात, वरचे जवळजवळ गेलेत," त्या म्हणाल्या. "काम काय करता?"

"आवाज ऐकतो," मिस्त्री म्हणाले, आणि त्यांचं त्यांनाच हसू आलं.

यंत्र कानात बसलं. घरी येताना ते चारदा थांबून मागं बघत राहिले, कुठल्या गाडीचा हा करकर आवाज म्हणून. आवाज त्यांच्याच बुटांचा होता. घरात कळलं, की बायको काम करताना सतत पुटपुटते आणि त्यातलं बरंचसं त्यांच्याचविषयी असतं.

मग ते गाण्याच्या बाईंच्या घरी गेले. शिकवणी चालू होती; पाच मुलींसमोर त्यांनी सांगितलं, "तुमचा कान बरोबर होता. गेला होता तो माझा. दुरुस्तीचा खर्च माझा."

गॅरेजात एकदोन जुने ग्राहक यंत्राकडे बघून गालात हसले. मिस्त्री आता डोळे उघडे ठेवून विचारत, "आवाज थंड असताना की तापल्यावर? उभी असताना की पळताना?" आणि मग टेबलाकडे वळत, "तुला काय वाटतं गं?" ती म्हणे, "भांड्यात चमचा फिरल्यासारखा." सायलेन्सरवरचा पत्रा खरंच सैल निघे.

महिन्याभरानं बाई पुन्हा आल्या. वळताना मागून गडगड येत होती. मिस्त्री त्यांच्या शेजारी बसले, बायको मागं. दोन वळणं झाली. यंत्रासकट कान टवकारून मिस्त्रींनी निकाल दिला, "मागचे शॉकअब्सॉर्बर गेलेत. उघडावे लागतील."

तिसऱ्या वळणावर बायकोनं वाकून पुढच्या सीटखालून स्टीलची पाण्याची बाटली काढली आणि मांडीवर ठेवली. गडगड थांबली.

मिस्त्रींनी मागं वळून बाटलीकडे पाहिलं.

"पण ऐकू मात्र अगदी स्पष्ट आलं," मिस्त्री म्हणाले.

बाईंना इतकं हसू आलं, की त्यांनी गाडी कडेला घेतली.