बाटलीवरची काळी रेघ

तक्रार: बाटली भरलेली परत येते.

तक्रार कुणाची: बायकोची.

जागा: आमचं स्वयंपाकघर, ओट्याची डावी बाजू. शाळेतून आलं की लिंबू तिथे दप्तर पालथं करतं.

लिंबू म्हणजे आमचं पोर. वय सहा. जन्मल्या जन्मल्या कावीळ झाली होती, आठ दिवस पिवळंधमक होतं, तेव्हा माझ्या बहिणीनं हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं, शाळेतसुद्धा. कागदोपत्री दुसरं नाव आहे. कागदोपत्री ‘मुलगा’ असंही लिहिलं आहे. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे सगळं तिथेच अडणार आहे.

“सकाळी अर्धा लिटर भरून दिलं, संध्याकाळी अर्धा लिटर परत,” बायको म्हणाली. “थेंब कमी नाही. आठवडा झाला. डॉक्टर म्हणाले ना, लघवीला जळजळ होते ती पाणी न प्यायल्यानं?”

मी बाटली उजेडात धरली. माझा धंदाच पाण्याचा. लोकांच्या भिंतीत ओल येते, ती कुठून येते ते मी शोधतो. भिंतीला ऐकायची काठी टेकवायची, दुसऱ्या टोकाला कान लावायचा. आतल्या नळीतून पाणी निसटत असेल तर बारीक फुरफुर ऐकू येते. वीस वर्षांत एवढं शिकलो: ओल दिसते तिथे गळती नसते. गळती भलतीकडे असते, आणि तिथला माणूस म्हणतो, आमच्याकडे काही नाही हो.

त्यामुळे मी कुणाच्या बोलण्यावर जात नाही. बायको म्हणते, लग्नाच्या दिवशीही तू माझ्याकडे नाही, हॉलच्या छताकडे बघत होतास. छताला डाग होता.

पाहणी

“लिंबू, पाणी का नाही प्यायचं?”

“मग शू लागते.”

“लागली की जायचं.”

“कुठे?”

“कुठे म्हणजे? शाळेत दोन दारं आहेत ना. एक मुलांचं, एक मुलींचं.”

“हो. बाई मला मुलांच्या दारात पाठवतात.”

“मग?”

“मी मुलगी आहे ना, बाबा.”

विसरभोळ्या माणसाला आज वार कोणता ते सांगावं, तसं. बायकोनं गॅस बारीक केला. खरं तर भाजी करपत नव्हती.

मी प्रत्येक घरात पहिला जो प्रश्न विचारतो तोच इथेही विचारला. कुठून आलं? फक्त शब्द वेगळे होते.

“कुणी सांगितलं तुला?”

“कुणी नाही.”

“कुणीतरी सांगितलंच असणार.”

“नाही.”

“नीट आठव.”

लिंबूनं माझ्याकडे पाहिलं, मग छताकडे, मग परत माझ्याकडे. मी उत्तरासाठी अडून बसलोय हे त्याला दिसत होतं.

“बाईंनी,” लिंबू म्हणालं.

संशय: बाई

बाई लहान मुलांच्या खुर्चीवर बसल्या होत्या. मला दुसरी तशीच खुर्ची मिळाली. गुडघे हनुवटीला लागत असताना माणसाला नीट भांडता येत नाही.

“मी? अहो लिंबूचे बाबा, मी आकडे शिकवते. तेही वीसपर्यंत.”

“मग हे डोक्यात आलं कुठून?”

“तेच मी तुम्हाला विचारणार होते.” बाईंनी उठून दार लोटलं. “घरी काही... म्हणजे तुमचं दोघांचं काही? की मोबाईलवर काही बघतं?”

“घरी काही नाही.”

“इथेही काही नाही. हवं तर लिहून देते.” मग जरा थांबून, “नाही, लिहून नाही देत. उद्या तोच कागद माझ्या गळ्यात यायचा.”

बाई जरा जास्तच घाईनं नाही म्हणाल्या. मी ते लक्षात ठेवलं. मीही तसंच म्हणालो होतो, ते मात्र लक्षात ठेवलं नाही.

निघताना त्या म्हणाल्या, “एक आहे. ते दिवसभर जातच नाही हो. पाय आवळून बसतं. रांगेत सगळ्यात मागे उभं राहतं आणि पाळी आली की बुटाची नाडी बांधायला खाली वाकतं. रोज तीच नाडी.”

उपाय (तात्पुरता)

टाकी गळते का ते बघायचं असेल तर आम्ही सगळे नळ बंद करून पाण्याच्या पातळीवर काळी रेघ मारतो. मी लिंबूच्या बाटलीवर तीन मारल्या. मधल्या सुट्टीपर्यंत इथे, जेवणापर्यंत इथे, शाळा सुटेपर्यंत इथे.

“रेघा कशाला?”

“कळायला.”

“कुणाला?”

“मला.”

लिंबूनं रेघेवर बोट घासून पाहिलं. निघाली नाही.

“बाईंनी सांगितलं नाही म्हणतात बाई,” मी म्हटलं. “मग खरं कोण?”

लिंबू या वेळी लवकर बोललं. सराव झाला होता.

“आत्यानं.”

संशय: ताई

ताईचं कपडे उसवून-शिवून देण्याचं दुकान आहे. एक मशीन, एक आरसा, कपडे घालून बघायला कोपऱ्यात एक पडदा. गुरुवारी बायकोला उशीर होतो, म्हणून ताई लिंबूला शाळेतून दुकानात नेते. मी मुद्दाम गुरुवारीच गेलो.

“ये. दारात का उभा? आणि कपाळावरच्या आठ्या तिथेच खुंटीला टांग, इस्त्री करून देते.”

“ताई, लिंबूला तू काय शिकवतेस?”

“बटणं लावायला. तुझ्यापेक्षा बरी लावतं.”

“थट्टा नको. ‘तू मुलगी आहेस’ हे कुणी भरवलं लिंबूच्या डोक्यात?”

मशीन थांबलं.

“मी भरवीन? अरे, मला त्यानं सांगितलं. मागच्या हिवाळ्यात, या स्टुलावर बसून, तोंडात बिस्कीट. मी म्हटलं, बरं. आणि म्हटलं, हे बाबाला सांग. बाबाचे कान चांगले आहेत.”

“हिवाळ्यात! आणि मला आत्ता कळतंय?”

“ज्याचं त्यानं सांगावं. मी कोण मध्ये बोलणारी?”

“म्हणजे सुरुवात तूच केलीस. तू ‘बरं’ म्हणालीस.”

“माझ्या म्हणण्यानं कुणी काही होत असतं तर, लहानपणी मी तुला रोज गाढव म्हणायचे, तू झालास का?” ताईनं माझ्याकडे नीट बघितलं. “नको, ते उदाहरण नको. ते लागू पडलं.”

एरवी मी हसलो असतो. मी म्हटलं, “पुढच्या गुरुवारपासून लिंबूला आणायला जाऊ नकोस.”

पडदा हलला. पडद्याखाली दोन बूट होते. एकाची नाडी सुटलेली.

तक्रार निकाली

घरी येताना, दुसऱ्या चौकात:

“बाबा, मी गंमत केली.”

“कसली?”

“मुलगी वगैरे. मी मुलगाच आहे.”

“नक्की?”

“नक्की. आता आत्या येईल?”

“बघू.”

दुसऱ्या दिवशी बाटली रिकामी आली. तिसऱ्या दिवशीही. तिन्ही रेघा पार, तळ कोरडा. मी बाटली ओट्यावर उभी करून बायकोला दाखवली, जशी गिऱ्हाइकाला सुकलेली भिंत दाखवतो.

“मला नाही पटत,” बायको म्हणाली. “सहा वर्षांचं पोर ‘मुलगी वगैरे’ म्हणतं? ‘वगैरे’ हा तुझा शब्द आहे.”

“पाणी पितंय ना पण?”

“बाटली रिकामी येते.”

“तेच ते.”

“तेच का?” ती म्हणाली. “काल बाथरूममध्ये रडत होतं. जळजळ तशीच आहे. आणि हल्ली तुला काही सांगत नाही, बघितलंस? पूर्वी पायातला खडासुद्धा तुला आणून दाखवायचं.”

ते मी बघितलं होतं. मी दारातून आलो की लिंबू आधी माझा चेहरा वाचायचं आणि मग काय बोलायचं ते ठरवायचं. गळतीवाल्या घरातली माणसं माझ्याकडे असंच बघतात. मी विचारीन त्याआधीच त्यांचं उत्तर तयार असतं.

पण कागदावर तक्रार निकाली निघाली होती. मी तसंच राहू दिलं.

पुन्हा तक्रार

या वेळी तक्रार बाईंची. तीन आठवड्यांनी फोन.

“वर्गात खिडकीखालची भिंत ओली झालीय. तुम्ही तेच काम करता ना? बघून जाल का?”

मधल्या सुट्टीत गेलो. मुलं मैदानात. वर्गात बाई, मी आणि शिपाई. शिपायानं निकाल आधीच देऊन टाकला होता.

“वरची मोरी,” तो म्हणाला. “वरच्या वर्गाच्या बाई नळ चालू ठेवून गप्पा मारतात. मी कधीचा सांगतोय. तुम्ही फक्त तेवढं नाव लिहा.”

“बघू दे आधी.”

“बघायचं काय त्यात? पाणी कुणाचं तरी असणारच ना?”

काठी टेकवली. शांत. वर, खाली, कोपऱ्यात, सगळीकडे शांत. त्या भिंतीत नळीच नव्हती. मग भिंतीतली ओल कापसावर टिपून काचेच्या नळीत पिळली आणि औषधाचा थेंब टाकला. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, त्यानं ते पिवळं होतं; नाही झालं तर पावसाचं किंवा जमिनीतलं. झालं, पण फिकट, नीट बघावं तेव्हा दिसेल इतकं. म्हणजे पाणी नळाचं, पण काही तास कुठेतरी भरून ठेवलेलं, क्लोरीन उडालेलं.

नळी नाही आणि नळाचं शिळं पाणी. पाणी मुरत होतं खरं.

मी उभा राहिलो. खिडकीत एक कुंडी होती. पानं गळालेली, माती चिखल, काठावरून ओघळ भिंतीवर उतरलेला. खिडकीखाली एक बाक. बाकाच्या हुकाला दप्तर, दप्तराच्या खिशात बाटली. मी ती बाहेर काढली. बाटलीवर तीन काळ्या रेघा.

नव्या गिऱ्हाइकाला मी आधी हेच समजावतो: मीटरमधून पाणी गेलं म्हणजे ते कुणी प्यायलं असं नसतं. वीस वर्षं समजावतोय. आणि मी बाटलीवर रेघा मारून घरी निवांत बसलो होतो.

“काय, मोरीच ना?” शिपायानं विचारलं.

तेवढ्यात लिंबू आत आलं. टोपी विसरलं होतं. दारातच थांबलं. त्यानं भिंत पाहिली, काठी पाहिली, माझ्या हातातली बाटली पाहिली. तोंड एवढंसं झालं. पण रडलं नाही. उलट, कामाला तयार असल्यासारखं सरळ उभं राहिलं.

“आता कुणाचं नाव सांगू?” लिंबूनं विचारलं.

मी त्या लहान खुर्चीत बसलो.

“कुणाचंच नको.”

“मग तू विचारणार नाहीस?”

“नाही.”

“शिपाईकाकांचं सांगितलं तरी?”

“आँ?” शिपाई म्हणाला.

“तरी नाही.”

लिंबू विश्वास ठेवत नव्हतं. एक पाऊल पुढे आलं. “बाईंनी सांगितलं नव्हतं. आत्यानं पण नाही. तू विचारायचं थांबतच नव्हतास.”

“हो. माझं चुकलं.”

“आणि गंमत केली ना, ती गंमत नव्हती.”

“मला वाटलंच,” असं माझ्या जिभेवर आलं होतं. ते खोटं ठरलं असतं. मी म्हटलं, “मला कळलं नव्हतं. आता तू सांगितलंस.”

“तू चिडलास?”

“नाही. मला यातलं फारसं काही कळत नाही, लिंबू. पण चिडलो नाही.”

“मग आत्याला फोन कर.”

“घरी गेल्यावर करू.”

“आत्ता.”

केला. पलीकडे मशीनची घरघर.

“काय रे,” ताई म्हणाली, “आता पुढचं नाव कुणाचं आलं?”

“माझं.”

घरघर थांबली.

“गुरुवारी जाशील लिंबूला आणायला?”

“लिंबूला विचार.”

“शेजारीच उभं आहे. मान हलवतंय. जोरात हलवतंय.”

बाई तोवर कुंडीतला चिखल बोटानं दाबून बघत होत्या. मी त्यांना विचारलं, “शिक्षकांच्या बाथरूमच्या दारावर काय लिहिलंय?”

“काहीच नाही. व्हरांड्याच्या टोकाला आहे. कडीसुद्धा लागत नाही नीट.”

“कडी मी उद्या बसवतो.”

“मोठ्या बाईंना विचारावं लागेल. त्या नाही म्हणाल्या तर मी काय करू?”

“विचारा. मीही येतो विचारायला. पण आत्ता? सकाळपासून अडवून धरलं असणार.”

बाईंनी शिपायाकडे पाहिलं. शिपायानं वर पाहिलं. “मी जरा वरची मोरी बघून येतो,” तो म्हणाला आणि गेला.

व्हरांडा लांब होता. लिंबू पुढे, मी मागे. दारापाशी पोचल्यावर लिंबू वळलं.

“कडी लागत नाही. तू दार धर.”

“धरतो.”

“आणि ऐकायचं नाही.”

“नाही ऐकत.”

“तू ऐकतोस. तुझं कामच आहे.”

मी दाराला पाय लावला आणि दोन्ही तळहातांनी कान दाबले. आधी स्वतःचंच रक्त धडधडताना ऐकू आलं, मग तेही नाही. समोरच्या वर्गातल्या फळ्यावर कुणीतरी एक ते वीस लिहिलं होतं. सतरा उलटा होता. मी तो वाचत राहिलो.

मग दार पायाला लागलं.

“ऐकलंस?”

“नाही.”

“खरं?”

“काहीच नाही.”

लिंबूनं मला खाली वाकायला लावलं आणि माझे कान तपासले, आधी एक, मग दुसरा. दाबून दाबून लाल झाले असणार.

“बरं,” लिंबू म्हणालं.