हळू बोलणारा माणूस

डब्याच्या झाकणावर ठेवलेला फोन थरथरला आणि झाकण टर्रर्र वाजायला लागलं. घर इतकं शांत होतं की मला ताशा बडवल्यासारखं वाटलं. झडप घालून फोन उचलला आणि आधी लेकीकडे पाहिलं. पाच वर्षांची आहे. दुपारी झोपते ती उपकार केल्यासारखी आणि उठते ती भांड्याला भांडं लागलं तरी. तिने नुसती कूस बदलली.

वकीलबाईंचा मेल होता. म्हणजे वर नाव तरी त्यांचंच होतं. आमच्या घरखरेदीचं सगळं त्याच बघत होत्या, आणि उद्या उरलेली रक्कम त्यांच्या ऑफिसच्या खात्यात भरायची होती. नऊ वर्षं पोटाला चिमटा काढून जमवलेले पैसे. मेलमध्ये लिहिलं होतं, तपासणीमुळे जुनं खातं बंद आहे, सोबतच्या नव्या खात्यात आज चारच्या आत भरा, नाहीतर घरमालक दुसरं गिऱ्हाईक बघेल.

आता मी काही अगदीच बावळट नाही. निदान त्या दुपारपर्यंत माझा तसा समज होता. मी लगेच पैसे पाठवले नाहीत. आधी खात्री करायची ठरवली.

खात्री करायची म्हणजे वकीलबाईंना फोन. पहिल्याच भेटीत त्यांनी कागदावर स्वतः नंबर लिहून दिला होता आणि दटावलं होतं, "आमचं खातं कधी बदलत नाही. बदललं असं कुणी म्हणालं, तर फक्त या नंबरवर मला विचारायचं." पण वकीलबाईंशी हळू बोलायची सोय नाही. आपण कुजबुजलो की त्या "काय? मोठ्याने बोला!" म्हणून ओरडतात, आणि तो आवाज फोनबाहेर पडून खोलीभर फिरतो. मागच्या आठवड्यात लेक त्यानेच उठली आणि संध्याकाळभर किरकिरत होती. मेलच्या तळाशी त्यांच्या सहायकाचा नंबर दिला होता. मी तो लावला.

"हळू बोलते हं जरा, मुलगी झोपलीय."

"मग मीही हळूच बोलतो, ताई," पलीकडचा माणूस कुजबुजला. "केवढी आहे?"

"पाच वर्षांची."

"आमचीही तेवढीच. झोपल्यावर किती शहाण्या दिसतात, नाही?"

झालं, मी विरघळले. पुढची पाच मिनिटं आम्ही दोघं चोरांसारखे कुजबुजत होतो. त्यातला एक खराच चोर होता, एवढंच. खाते क्रमांक त्याने दोनदा वाचून दाखवला. वर म्हणाला, "घाई करू नका, नीट तपासून घ्या." माझ्यासाठी इतका जीव टाकणारा माणूस मला कित्येक महिन्यांत भेटला नव्हता. मी पैसे पाठवले आणि त्याचे आभारही मानले.

साडेतीनला वकीलबाईंचा फोन आला. "उद्याची रक्कम लक्षात आहे ना?"

"पाठवली की मघाशीच. नव्या खात्यात."

ओळख झाल्यापासून पहिल्यांदाच वकीलबाई गप्प झाल्या. मग लेक उठली. बहुतेक वरच्या मजल्यावरचेही उठले असतील.

"कुठलं नवं खातं? अहो, रडताय काय, रडायचं नंतर! आधी बँकेला फोन लावा. कार्डामागे छापलेल्या नंबरवर, मेलमधल्या नाही! रक्कम अडवायला सांगा. मग पोलिसांत तक्रार. ठेवते मी, लावा!"

बँकेतल्या बाईंनी सगळं लिहून घेतलं. "समोरच्या बँकेला कळवलंय. पैसे त्या खात्यात अजून असतील तर ते अडवून ठेवतील. किती उरलेत ते उद्या सकाळी कळेल."

नवरा काम टाकून धावत आला. बुटांसकट माझ्याशेजारी जमिनीवर बसला.

"कुरियरवाला आला तरी दार उघडायच्या आधी तू त्याचं ओळखपत्र मागतेस."

"तो कधी कुजबुजला नाही माझ्याशी."

"मग मला तरी विचारायचंस."

"तूही मोठ्यानेच बोलतोस."

त्याला हसू आलं, पण अर्ध्यातच विझलं. "पैसे नाही मिळाले तर काय करायचं?"

"वकीलबाई मुदत मागतायत. आठ दिवस मिळतील, म्हणाल्या. त्यापुढे मालक थांबणार नाही."

नऊ वर्षांचे पैसे आठ दिवसांत कुठून उभे करायचे, हे दोघांपैकी कुणीच मोठ्याने बोललं नाही. लेक विस्कटलेल्या केसांनी येऊन आमच्या मधोमध घुसली.

"आई, आपले पैसे हरवले?"

"चुकून दुसरीकडे गेलेत गं. बँकेतली मावशी शोधतेय. सापडले की परत येतील."

तिने एकदा बाबाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"पण येतील तेव्हा कुठल्या घरी येतील? या, की नव्या?"