रंगाऱ्याचं दांडकं

"काका, काय म्हणता? घ्यायचं का लाइनवर?" भाग्यानं तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा कुठे अंबाजीरावांच्या लक्षात आलं.

कावेरीकाठच्या वीजघरातला त्यांचा तो शेवटचा दिवस. दुरुस्तीनंतर पहिल्यांदाच फिरणाऱ्या तीन नंबरच्या यंत्राच्या बेअरिंगला दांडक्याचं एक टोक लावून आणि दुसरं कानाशी धरून ते उभे होते. दांडकं आजोबांचं. आजोबा म्हैसुरातले रंगारी. कढईतलं कापड याच दांडक्यानं ढवळत, म्हणून एक टोक अजून निळसर होतं. नातवानं ते दांडकंच सरकारी नोकरीला लावलं. यंत्राच्या पोटात काय चाललंय, ते चौतीस वर्षं हे लाकूड सांगत आलं होतं. पडद्यावरचे आकडे काहीही म्हणोत, अंबाजीरावांनी "हूं" केल्याशिवाय यंत्र लाइनवर जात नसे, त्याची वीज तारांत सुटत नसे.

आज मात्र लाकूड गप्प होतं. गुरगुर जाणवत होती, पण ती तळपायांना. सहा महिने त्यांनी हे मनात दाबून ठेवलं होतं. "अहो, एकदा कान दाखवा की," म्हणून बायको, जानकीबाई, मागे लागल्या, तर हे त्यांच्यावरच डाफरत. आताही नुसतं "हूं" म्हटलं की झालं; मग हार, भाषण, आणि म्हैसुरात जयलक्ष्मीपुरमला घरी. पण आत काही बिघाड असला तर बेअरिंग जळणार, आणि चौतीस वर्षांच्या शब्दाची माती होणार.

त्यांनी दांडकं भाग्यापुढे धरलं. "तू ऐक."

"अय्यो काका, मी?"

"दोन वर्षं शिकवलंय ना तुला? सुम्ने, उगाच घाबरू नकोस. लाव कानाला."

भाग्या म्हैसूरच्याच मराठी घरातली, नवी इंजिनियर. तिनं डोळे मिटले.

"पाण्याचा आवाज बरोबर आहे... पण आत काय तरी किर्र करतंय काका. सण्णच आहे, अगदी बारीक, पण आहे."

"थांबव. पाणी बंद कर."

बेअरिंग उघडलं, तर तेलाच्या वाटेत एक चिंधी अडकलेली. काल साफसफाई करताना आपल्याच फडक्याची राहिली, हे अंबाजीरावांनी सगळ्यांदेखत सांगून टाकलं.

तीन वाजता यंत्र पुन्हा सुरू झालं. उंचावरून लोखंडी नळातून आलेलं पाणी चाकाच्या पात्यांवर आदळलं, चाकानं दांडा फिरवला, दांड्यानं वरचं जनित्र. भाग्यानं दांडकं लावून बराच वेळ ऐकलं आणि "हूं" केलं. वीज तारांवरून म्हैसूरकडे निघाली. अंबाजीरावांना मनापासून बरं वाटलं.

हार-भाषण आटोपल्यावर ते मागच्या कालव्यापाशी जाऊन उभे राहिले. चाक फिरवून सुटलेलं पाणी इथे बाहेर पडे. एवढं राबून आलं तरी ते थेंबभर कमी झालेलं नसे. तसंच पुढे भाताच्या शेतांकडे जाई. त्यांना ते बघायला नेहमीच आवडे, आज जरा जास्तच आवडलं.

भाग्या धावत आली. हातात दांडकं. तुमचं हे विसरलं, असं काहीतरी ती म्हणत असावी.

"तुझ्याकडेच असू दे," ते म्हणाले.

तिचे ओठ पुन्हा हलले. अंबाजीराव हसले, आणि बायकोलाही आजवर न सांगितलेलं मोकळेपणानं बोलून गेले, "मोठ्यानं बोल गं पोरी. मला ऐकू येत नाही."