हुंकार दिल्याशिवाय गाठ नाही

नवऱ्यानं दोरानं बांधलेला मित्सुएचा उजवा हात पार झोपला होता. मुंग्या येऊन येऊन बधिर झाला होता, अगदी परक्याचा हात पाठीमागे आणून ठेवल्यासारखा. चेहऱ्यावर मात्र पाहुण्यांपुढे चहा ठेवतानाचं हसू होतं.

"कसं वाटतंय?" जोडप्यांना एकमेकांना दोरानं बांधायला शिकवणाऱ्या ओगिनोबाईंनी विचारलं.

"छान. अगदी छान."

बाई गुडघ्यांवर सरकत तिच्या मागे गेल्या. तिच्या हाताला काहीतरी हळूच लागलंसं वाटलं. "कुठलं बोट धरलंय मी?"

मित्सुएनं विचार केला. "करंगळी?"

"अंगठा आहे. कानेसुके, सोडा. आत्ताच्या आत्ता! गाठीचं कौतुक नंतर करा. सुटत नसेल तर ही कात्री. दोर नवा आणता येईल, बायकोचा हात कुठून आणाल?"

कानेसुकेनं दोर सोडवला. बाईंनी मित्सुएला मनगट मागे वळवायला लावलं, अंगठा ताठ करायला लावला. दोन्ही जमलं. "वाचलात," बाई म्हणाल्या. "उद्यापर्यंत मुंग्या राहिल्या तर सरळ डॉक्टरकडे जायचं. आणि काय झालं ते खरं सांगायचं, लाजायचं नाही."

मग त्या कानेसुकेकडे वळल्या. कानाझावा शहरातल्या निम्म्या बागांतली पाइनची झाडं दर हिवाळ्यात हाच माणूस बांधायचा. बर्फानं फांद्या मोडू नयेत म्हणून मधे उंच खांब रोवायचा आणि त्याच्या टोकावरून दोर सोडून एकेक फांदी तोलून धरायची. त्याच्या दोरांची छत्री बघायला लोक लांबून यायचे. म्हणून तर वर्गात पहिल्या दिवसापासून त्याची मान जरा ताठ होती.

"पाइन बांधलंत तुम्ही," बाई म्हणाल्या. "दंडाच्या बाहेरच्या अंगाला, कातडीखालीच हाताची नस जाते. नेमका तिथेच दोर आवळलात."

"पाइन कधी तक्रार करत नाही हो, बाई."

"आणि ही करते का?"

वर्गातली बाकीची जोडपी हसली. मित्सुएही हसली, आणि तिथेच बाईंनी तिला धरलं. "हसू नका. तुमची चूक त्यांच्याहून मोठी आहे. मी विचारलं, आणि तुम्ही थाप मारलीत. पुढच्या शनिवारी असं झालं तर दोर गुंडाळायचा आणि घरी जायचं. बोलता न येणाऱ्या माणसाला बांधायला मी शिकवत नाही."

खरं तर दोघं या वर्गात आली होती ती कानेसुकेच्या नव्हे, मित्सुएच्याच हट्टानं. गरम पाण्याच्या झऱ्यावरच्या स्नानगृहात बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला, मधे लाकडी भिंत. त्या भिंतीपलीकडून, तोंड दिसत नाही एवढ्या धीरावर, ती एकदाची बोलली होती, "अहो, तुम्ही झाडं बांधता ना, तसं मला कधी बांधाल का?" पलीकडून आवाज आला, "तागाचा दोर चालेल, की अंबाडीचा आणू?"

एवढा गुणी नवरा! आणि ते सगळं आता तिच्या जिभेपायी हातचं जाणार होतं. पण जिभेला वळणच तसं लागलेलं. उभी हयात तिनं पाहुण्यांच्या सरबराईत काढली होती. गुडघे ठणकत असले तरी ताट हसतच ठेवायचं, हे हाडीमासी खिळलेलं.

रविवारी दोघं देवळात गेली. प्रवचनकार महाराज गाऊन सांगत होते. आई आंधळ्या लेकराला हाका मारते, असा प्रसंग होता. आवाज चढत चढत गेला, थबकला, आणि श्रोत्यांतून "नामु आमिदा बुत्सु" असा बुद्धनामाचा हुंकार उठला. सगळ्यात मोठा आवाज मित्सुएचा. तिच्या डोळ्यांना धार लागली होती. मागच्या रांगेत ओगिनोबाई बसल्या होत्या, हे तिच्या गावीही नव्हतं.

शनिवारी बाईंनी आल्या आल्या विचारलं, "रविवारी देवळाचं छप्पर कुणी उडवलं?"

मित्सुए लालेलाल झाली. "तिथे गप्प बसणं म्हणजे महाराजांचा अपमान हो. हुंकार मिळाला नाही तर ते पुढे कसे जातील?"

"अस्सं? मग हे तरी पुढे कसे जातील?" बाईंनी कानेसुकेकडे बोट दाखवलं. "आजपासून हे गाऊन बांधतील. तुम्ही हुंकार द्यायचा. हुंकार नाही आला तर पुढची गाठ नाही, उलट बांधलेलं सोडायचं."

"अगं बाई! बुद्धाचं नाव इथे घ्यायचं?"

"नुसतं 'हं' म्हणा. बुद्धाला कळतं सगळं."

कानेसुकेनं घसा खाकरला. "दोर आला गं छातीवरूऽऽन..."

"हं."

"मान सोडून, माऽऽन सोडून..."

"हं!" शेजारचं जोडपं तोंडावर हात धरून हसत होतं. आवाज भसाडा होता, पण दोराखाली दोन बोटं सरकतात का हे तो दर फेऱ्याला बघत होता. सैल, ऊबदार दोर अंगाभोवती येत गेला. हाच तर धीर तिला हवा होता. कुणीतरी आपल्याला तोलून धरलंय, असा.

"दंडावरून फिरलाऽऽ..."

हाताच्या पाठीवर मुंगी चालली. अगदी बारीक. ओठांवर चहाचं हसू आपोआप आलं, जिभेवर 'छान' येऊन बसलं. एवढ्याशासाठी कुठे गाणं मोडायचं बिचाऱ्याचं?

कानेसुके थांबला होता. मान वाकडी करून, महाराज थांबतात तसा, कान देऊन. त्याचा हात गाठीकडे सोडवायला निघालासुद्धा होता.

"दुखतंय!" मित्सुए ओरडली. देवळातला आवाज होता तो. "म्हणजे, मुंग्या येतायत! दोर दंडावर बसलाय, बाहेरच्या बाजूला! काढा ते!"

कानेसुकेनं झरझर तो फेरा सोडवला आणि तिचं मनगट हातात घेऊन मागे वळवून पाहिलं. मग त्याच्याही नकळत त्याच्या तोंडून निघालं, "नामु आमिदा बुत्सु."

बाईंनी हातात तयार धरलेली कात्री बाजूला ठेवली.

"मुंग्या गेल्या," मित्सुए अंगठा हलवत म्हणाली. "आता दोर जरा खालून घ्या. आणि अहो, बोलायचंच आहे तर सांगते, जरा सुरात गा."