लाल ड्रेसचा गुडघा

"त्या लालला आता हात लावू नका, खातूनबी. टाकून द्या," चनबसप्पा गल्ल्यावरूनच म्हणाला.

खातूनबीने मान वर केली नाही. तिच्या मांडीवर लाल ड्रेस होता. गुडघ्यात फाटलेला, छातीवर शेंगाचटणीच्या तेलाचा डाग. नवी पेठेतल्या या भाड्याच्या ड्रेसच्या दुकानात, मागच्या अंगाला, मशीनवर ती नवरा मकदूम गेला तेव्हापासून बसत होती. चनबसप्पाच्या वडिलांच्या काळी कपाटात राम असत, राजे असत, झाशीची राणी असे. राजांच्या अंगरख्याला तिने केलेलं रफू शाळेच्या बाईंनाही सापडत नसे. टाका दिसला की काम वाया गेलं, एवढंच ती शिकली होती आणि त्यातच तिची जवळची नजर अधू झाली होती.

आता गॅदरिंगला पोरांना सिनेमातले उडणारे वीर लागत, एक लाल ड्रेसवाला, एक सोनेरी.

"सगळे लालच मागायलेत, अण्णा."

"मागू द्या की. एकदा नेला की फाडून आणतेत. हे सोनेरी बघा, फोमचे. फाटतच न्हाईत."

भिंतीवर सोनेरी वीराचे ड्रेस ओळीने टांगले होते, कोरे, कडक. त्या वीराचे तीन भाग आले, प्रत्येक आधीच्यापेक्षा मोठा. तिसऱ्याच्या भरवशावर चनबसप्पाने ढीगभर ड्रेस मागवले आणि सिनेमा दुसऱ्याच आठवड्यात उतरला. लालवाल्याचा मात्र कुठलाही भाग येवो, पोरांबरोबर त्यांच्या आया-आज्याही जात.

"खर्च ह्या सोनेरीचा जास्त. हाणामारी ह्याची लई. मग लोकांस्नी त्या लालड्यात काय दिसतंय, मला तर कळंना झालंय."

"त्याचं फाटतंय, अण्णा. ह्याचं फाटत न्हाई."

चनबसप्पा हसला. "मग फाटत न्हाई ते चांगलंच की."

खातूनबीने ड्रेसचा फाटका गुडघा मांडीवर सपाट केला. नात यास्मीनने तिला मोबाइलवर लालवाला दाखवला होता. दिवसभर मार खाऊन तो खोलीवर येतो, पलंगावर बसतो आणि आपलाच ड्रेस शिवायला घेतो. घरात लाल दोरा नाही म्हणून काळा. टाके वाकडेतिकडे, दोरा दातांनी तोडलेला. "सुई अशी धरतेत का रे," असं ती मोबाइलकडे बघत म्हणाली होती. तिच्या तरुणपणी टॉकीजमध्ये बायकांची बाजू वेगळी असे. पडद्यावरची आई मुलाची फाटकी बाही शिवायला बसली की त्या बाजूला पदर डोळ्यांना लागत. सोनेरीवर अख्खी इमारत कोसळली तरी अंगावर चुणी पडत नव्हती. त्याला कुणी काय शिवून द्यायचं?

"गॅदरिंग झालं की सगळे फोमचेच ठेवणार हाय," चनबसप्पा जरा हळू आवाजात म्हणाला. "तुमी आता घरी आराम करा, बी. लई केलंत."

तिने ते आधीच ओळखलं होतं. एका सोनेरीची शिवण उकलली तेव्हा तिने सुई घालून पाहिली होती. फोमला टाका धरत नव्हता, उलट भोक वाढत गेलं होतं.

तेवढ्यात दाक्षायणी आपल्या मुलीला घेऊन आली. ही मागच्या गल्लीतली, पापड करून विकणारी.

"वैष्णवीला लाल पायजे, अण्णा."

"संपले. सोनेरी न्या, निम्म्या भाड्यात देतो."

वैष्णवीने सोनेरीला बोट लावून बघितलं आणि सरळ खातूनबीपाशी आली. "हा हाय की लाल."

"फाटलाय, बाळा. थांब, जरा बसव. असा करते की दिसणारच न्हाई." खातूनबी डब्यात लाल दोरा शोधू लागली.

"दिसू दे की, आजी. त्याचं दिसतंय. काळ्या दोऱ्यानं कर."

खातूनबीचा हात डब्यातच राहिला. मग तिने काळं रीळ काढलं. सुईत दोरा जाईना, तो वैष्णवीनेच ओवून दिला. मोठे टाके घालायचे होते, तरी हात सवयीने बारीक, सरळच जाई. तीन टाके तिला उसवावे लागले.

"अजून वाकडं," वैष्णवी वाकून बघत म्हणाली.

"आता हा परत आल्यावर कोण नेणार, बी?" चनबसप्पाने विचारलं.

"न्हाई कुणी नेला तर मीच नेते," खातूनबी म्हणाली आणि शेवटचा दोरा दातांनी तोडला.

वैष्णवीने ड्रेस तिथेच फ्रॉकवरून चढवला. दाक्षायणीने पैसे दिले, स्कूटी काढली. खातूनबीने मशीनवर झाकण घातलं, मांडीवरचे लाल धागे झटकले आणि गुडघे धरत उठून दारापर्यंत आली.

स्कूटी चौकापर्यंत गेली होती, सिग्नलला थांबली होती. मागे बसलेल्या पोरीने पाय मुद्दाम बाहेर काढला होता. गर्दीतून, उन्हातून तिच्या गुडघ्यावरची काळी रेघ दिसत होती.

स्वतःचा टाका इतक्या लांबून खातूनबीने कधीच पाहिला नव्हता.