पुन्हा लिहिलेला निबंध

शिवांजली मान खाली घालून भराभर लिहीत होती आणि समोर बसलेल्या सुनयनाबाई ते वाचत होत्या. कागद त्यांच्या बाजूने उलटा होता, पण उलटे कागद वाचण्यात बाईंचा जन्म गेला होता. 'माझे पापा आर्मीमध्ये आहेत. पापा सुट्टी संपवून गेले तर मला खूप बुरा वाटला. मम्मीला पण बुरा वाटला.'

अगं पोरी, काय लिहितेयस हे! बाई मनातल्या मनात ओरडल्या. पण मूल लिहीत असताना शिक्षकाने तोंड उघडायचं नाही असा नियम होता, आणि नियम पाळण्यात सुनयनाबाई नको तितक्या पक्क्या होत्या.

झालं होतं ते असं. दिल्लीतल्या या शाळेत मराठी ही दुसरी भाषा. मुलं तशी मराठी घरांतलीच, पण 'मला माहीत पडलं' आणि 'तो मला भेटून गेला था' असं बिनधास्त बोलणारी. दुसऱ्या भाषेसाठी तपासणीचा तक्ताही वेगळा होता: वाक्यं सोपी असावीत, विषय कळावा, बस्स. कुणी चार ओळी धड लिहिल्या तरी बाईंना भरून यायचं. लक्ष्मीबाई नगरातल्या क्वार्टरमध्ये घरी गेल्या की त्यांचा स्वतःचा मुलगा तरी कुठे वेगळं बोलायचा!

नववीला त्यांनी घरून निबंध लिहून आणायला सांगितला, 'आमच्या घरातला एक दिवस'. त्यात शिवांजलीचा आला. बाप हवालदार, घर कँटोन्मेंटमध्ये, आधीची शाळा झाशीची, त्याआधीची जबलपूरची. वर्गात ही तोंड उघडणार ते मैत्रिणींशी, आणि तेही हिंदीत. आणि निबंध? 'बाबा पोचल्याचा फोन येईपर्यंत आमच्याकडे केर काढत नाहीत. फोन तिसऱ्या दिवशी आला. तोवर उंबऱ्याशी बाबांच्या बुटांची माती तशीच होती आणि आई ती ओलांडून ये-जा करत होती. रात्री ती तिथंच बसून रडली.'

बाईंनी तो दोनदा वाचला. आनंद व्हायला हवा होता, पण मोडकं मराठी तपासून तपासून डोकंही तसंच झालेलं. त्यांना पहिल्यांदा आली ती शंका. हे पोरीचं नाही, आईनं लिहून दिलंय. त्यांनी समासात लाल प्रश्नचिन्ह काढलं.

ते रुचिरा मॅडमनी पाहिलं. रुचिरा मॅडम परीक्षा विभागाच्या प्रमुख, मूळच्या पुण्याच्या, बोलायला गोड आणि कामाला कडक. गेल्या वर्षी पालकांनी लिहून दिलेले निबंध पकडले गेल्यापासून त्यांनी पद्धत घालून दिली होती. शंका आली की मुलाकडून समोर बसवून तोच निबंध पुन्हा लिहून घ्यायचा. जुळला नाही तर शून्य, आणि आईबापांना बोलावून दोन्ही कागद त्यांच्या पुढ्यात ठेवायचे. मुलाला मात्र कारण सांगायचं नाही, उगाच त्याचं मन दुखावायला नको म्हणून. म्हणून शिवांजलीला एवढंच सांगितलं होतं की हा निबंध परत लिही.

तिनं कागद पुढे केला. चेहऱ्यावर चक्क सुटल्यासारखं हसू होतं.

"बाई, आता बरोबर झालाय ना? आधीचा सेकंड लँग्वेजचा नव्हताच. सगळे लिहितात तसा लिहिलाय आता."

आत्ता सुनयनाबाईंना उलगडा झाला. पोरीला वाटलं होतं, आपण चुकून अवघड लिहिलं. आता काय करायचं? कागदावर तर सरळसरळ चोरी सिद्ध झाली होती, आणि ती सिद्ध करायला बाईंनीच तिला बसवलं होतं.

तेवढ्यात रुचिरा मॅडम आल्याच. दोन्ही कागद शेजारी ठेवून त्यांनी वाचले आणि उसासा सोडला. सुनयनाबाई त्यांना दाराशी नेऊन घाईघाईनं, हळू आवाजात सांगू लागल्या, की ही मुद्दाम असं लिहितेय, आत्ता माझ्याशी चांगलं बोलली, शंका माझीच चुकली. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं आणि शिवांजलीला दोन प्रश्न विचारले. साहेबलोकांपुढे पोरीची जीभ सवयीनं हिंदीकडे वळली. "जी मॅम," ती म्हणाली, "नहीं मॅम." मॅडमनी सुनयनाबाईंकडे पाहिलं. मी कागदावर आहे तेच धरणार, त्या म्हणाल्या, सोमवारी हिच्या आईला बोलवून घ्या.

आईचं नाव निघताच पोरीचा चेहरा पांढरा पडला. आता नियम गेला खड्ड्यात, असं म्हणून सुनयनाबाई तिच्याजवळ गेल्या.

"शिवांजली, आम्हाला वाटलं पहिला निबंध तुझ्या आईनं लिहून दिला."

पोरीनं पहिल्या कागदावर पालथा हात ठेवला.

"आईला नका दाखवू हा. ती रडली त्या रात्री तिला वाटलं मी झोपलेय. मी पाहिलं हे तिला कळलं, तर ती आता माझ्यासमोर नुसती हसत बसेल. बाबा जातात तेव्हा हसते तशी. मग तिनं रडायचं तरी कुठं?"

रुचिरा मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. सोमवारचं राहू द्या, त्या हलकेच म्हणाल्या, आणि पहिल्याच निबंधाला मार्क द्या, पैकीच्या पैकी द्या, माझी हरकत नाही.

सुनयनाबाईंच्या जिवात जीव आला. त्यांनी पेनचं टोपण काढलं, तर शिवांजली हात उचलेना. तपासलेला निबंध पालकांच्या सहीसाठी घरी जातो, हे लिहिताना नाही, पण आत्ता तिच्या लक्षात आलं होतं.

"दुसराच ठेवा, बाई."

"अगं, पण याला मार्क कमी पडतील. आणि आई काय म्हणेल हा वाचून?"

"म्हणेल, दिल्लीत राहून मराठी विसरलीस." तिनं डोळे पुसले. "म्हणू दे. पण तिला शंका येईल असं काही लिहू नका. सगळ्यांच्या कागदावर लिहिता तेच लिहा."

पहिला निबंध तिनं बारीक घडी करून कंपासपेटीत घातला. सुनयनाबाईंनी दुसरा पुढे ओढला. 'बुरा वाटला'खाली रेघ मारली, तक्त्याप्रमाणे मार्क मांडले, आणि खाली सगळ्यांच्या कागदावर लिहीत तेच सावकाश, सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'प्रयत्न चांगला. घरी आईशी मराठीत बोलत जा.'