जुन्या नकाशावरचं उत्तर

"गेल्या वर्षीचे सगळे नमुने पुन्हा पहिल्यापासून?" शेजारच्या टेबलावरचा सहकारी हसला. "ताई, तुम्ही म्हणजे घडी घातलेले कपडे परत धुवायला काढता!"

"निकाल लेखात छापायचेत. एकदा धुतलेले बरे."

प्रयोगशाळेत सगळे त्यांना ताईच म्हणत. रक्तातून वाचलेले जनुकांचे तुकडे आधी माणसाच्या जनुकांच्या नकाशावर जागच्या जागी बसवायचे, मग रोगाच्या ठिकाणी बिघाड आहे का ते पाहायचं. ताईंनी लिहिलेला प्रोग्रॅम हे सगळं ओळीने करी. मध्येच बंद पडला, तर झालेले टप्पे सोडून पुढून चालू होई. त्याचं सगळ्यांना फार कौतुक.

पडद्यावर एका क्रमांकासमोर लाल खूण आली, म्हणजे बिघाड आहे. तो क्रमांक ताईंना पाठ होता. धाकट्या बहिणीचा.

गेल्या वर्षी तिथे 'बिघाड नाही' असं आलं होतं. दुसऱ्या पद्धतीने पडताळल्याशिवाय कुणाला काही सांगायचं नाही, हा नियम. पण आई स्तनाच्या कॅन्सरने गेलेली. ताईंना राहवलं नाही. त्याच संध्याकाळी त्यांनी बहिणीला कळवलं होतं, "सुटलीस गं बाई!"

त्यांनी जुन्या नोंदी उघडल्या आणि चूक सापडली. तेव्हा काम अर्धं झालेलं असताना त्यांनी नवा, सुधारलेला नकाशा घातला होता, आणि प्रोग्रॅमला सांगितलं होतं, राहिलं तिथून पुढे चल. तुकडे बसले जुन्या नकाशावर, बिघाड शोधला नव्यावर. जुना पत्ता घेऊन नव्या वस्तीत दार ठोठावावं, तसं झालं. दार भलत्याचंच उघडलं आणि आत सगळं ठीकठाक होतं.

त्यांनी फोन लावला.

"आज सूर्य कुठे उगवला? भरदुपारी ताईला आठवण!"

"तपासणीला जातेस ना गं दरवर्षी?"

"आता कशाला? तूच सोडवलंस की. त्या थंडगार मशीनची कटकट गेली एकदाची."

"उद्याच्या उद्या जा. माझं चुकलं. तो निकाल खोटा होता."

पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला.

"ताई," ती म्हणाली, "काखेत गाठ आहे. दुखत नाही, म्हणून... म्हटलं, तू सांगितलंयस ना. उगाच कशाला घाबरायचं?"

ताईंची नजर पडद्यावर गेली. समोर त्याच खेपेचे बाकीचे नमुने एकेक करून येत होते. आणखी एक लाल खूण उमटली, मग आणखी एक. त्या खुणांसमोर नुसते क्रमांक होते, नावं नव्हती; फोन लावायचा कुणाला?